पुस्तक कोणत्या प्रकारात बसते? पाश्चात्त्य साहित्यप्रकार लावण्याची पद्धत

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात कपाटांवर बहुधा पाच पाट्या असतात: काव्य, नाटक, कथा, कादंबरी आणि संकीर्ण. नेमके कुठे ठेवावे हे न कळलेले प्रत्येक पुस्तक शेवटच्या कपाटात जाते आणि तेच सगळ्यात आधी भरते. एम.ए. मराठीच्या उत्तरपत्रिकेतही तोच गोंधळ वेगळ्या रूपात दिसतो. ‘साहित्याचे ग्रामीण, विनोदी, ऐतिहासिक, कादंबरी, बालसाहित्य असे प्रकार पडतात’ असे एक वाक्य हमखास लिहिले जाते. या यादीत पहिला शब्द विषय सांगतो, दुसरा सूर, तिसरा काळ, चौथा रचना आणि पाचवा वाचक. एकाच पुस्तकाला हे पाचही शब्द एकदम लागू पडू शकतात, त्यामुळे वर्गीकरण म्हणून ही यादी काहीच काम करत नाही.

पाश्चात्त्य साहित्यशास्त्रात प्लेटोपासून हा वाद चालू आहे. त्यातून हाती येणारी सगळ्यात उपयोगी शिस्त एवढीच: एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक उत्तराला वेगळा रकाना ठेवायचा. पुढे ती पद्धत टप्प्याटप्प्याने दिली आहे. उदाहरणे जमतील तिथे खान्देशातली घेतली आहेत: धरणगावचे बालकवी, आसोद्याच्या बहिणाबाई, अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी, सांगवीचे भालचंद्र नेमाडे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकाला ही पुस्तके चटकन हाताशी मिळतात. शिवाय ग्रीसमध्ये किंवा जर्मनीत घडलेल्या कसोट्या आपल्या मजकुरावर कुठवर चालतात आणि कुठे अडतात, हेही याच पुस्तकांवर नीट दिसते.

आधी कागद आखा

फुलस्केप कागद आडवा धरून पाच रकाने पाडा: रीत, रूप, वृत्ती, विषय-प्रवाह, कारण. शेवटचा रकाना रुंद ठेवा. त्यात प्रत्येक निर्णयाचे कारण एका वाक्यात लिहायचे आहे. कारण लिहिता येत नसेल तर निर्णय झालेलाच नाही असे समजा.

मलपृष्ठावरच्या मजकुरावर आणि मुखपृष्ठावरच्या ‘कादंबरी’ या शिक्क्यावर विसंबू नका, तो प्रकाशकाने विक्रीसाठी घातलेला असू शकतो. कविता पूर्ण वाचा, दोनदा वाचा, त्यातही एकदा मोठ्याने. कादंबरीची पहिली दहा, मधली दहा आणि शेवटची दहा पाने हे किमान वाचन. नाटकाचा पात्रपरिचय, पहिला प्रवेश आणि शेवटचा प्रवेश पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नका.

त्याआधी एकक ठरवा. प्रकार लावायचा आहे तो पुस्तकाला की त्यातल्या एकेका रचनेला? वाचनालयाला पुस्तकाचा लागतो, अभ्यासकाला रचनेचा. कवितासंग्रहात भावकविता, कथाकाव्य आणि विडंबन शेजारी शेजारी असतात. अशा वेळी पुस्तकाच्या नावापुढे ‘कविता’ एवढेच लिहावे आणि रचनांची वेगळी यादी करावी. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुढचे कितीतरी वाद उभे राहतात.

पहिला रकाना: बोलतो कोण?

‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या पुस्तकात प्लेटो कवीच्या बोलण्याच्या तीन रीती सांगतो. कवी स्वतःच्या आवाजात सांगतो, किंवा पूर्णपणे पात्रांच्या तोंडून बोलतो, किंवा दोन्ही करतो. शोकात्मिका आणि सुखात्मिका पात्रांच्या तोंडून चालतात, होमरची महाकाव्ये मिश्र रीतीची आहेत, आणि निव्वळ कवीच्या आवाजासाठी त्याने डिथिरॅम्ब या ग्रीक समूहगीताचे उदाहरण दिले आहे.

हा फरक समजावण्यासाठी प्लेटोने केलेली कृती आजही करून पाहण्यासारखी आहे. ‘इलियड’च्या सुरुवातीला क्रायसीस नावाचा पुरोहित आपली मुलगी परत मागायला ग्रीकांकडे येतो आणि ॲगमेम्नॉन त्याला हाकलून देतो. होमरने हा प्रसंग दोघांच्या भाषणांतून रंगवला आहे. प्लेटोचा सॉक्रेटिस तोच प्रसंग सगळी भाषणे काढून, ‘तो म्हणाला की...’ अशा सरळ निवेदनात, गद्यात सांगून दाखवतो. ‘श्यामची आई’मधला आई आणि श्याम यांच्या बोलण्याचा कुठलाही प्रसंग घ्या आणि तसाच लिहून पाहा. घटना तीच राहते, पण आईचा आवाज जातो. काय गेले हे हाताला कळले की रीत म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

प्रत्यक्ष चाचणी अशी करा. पुस्तकाच्या मधल्या दोन पानांची झेरॉक्स काढा. पात्र स्वतः बोलते त्या ओळींखाली लाल रेघ मारा, निवेदक बोलतो तिथे निळी. मग फक्त क्रियापदांभोवती गोल करा आणि एका क्रियेमुळे दुसरी घडते का ते बघा.

सगळे लाल असेल आणि आवाज एकाहून जास्त असतील, तर रीत नाट्याची. लाल-निळे मिसळलेले असेल आणि क्रियापदांची साखळी पुढे सरकत असेल, तर कथनाची. महाकाव्य, कादंबरी, कथा, पोवाडा हे सगळे इथे येतात. सगळे निळे आहे पण साखळी आहे, तरीही कथनच. सगळे निळे, किंवा एकच ‘मी’ बोलतो आहे, आणि क्रियापदे एकमेकांना ढकलत नाहीत, तर भावकाव्य.

बालकवींचे ‘औदुंबर’ यावर लावून पाहू. आठ ओळींची कविता. झरा वाहतो, पलीकडे टेकडीकडे चार घरांचे गाव आहे, पुढे शेतमळ्यांची गर्दी, त्यातून पायवाट डोहाकडे निघाली आहे, डोहाच्या पाण्यावर काळिमा पसरला आहे आणि पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. क्रियापदे मोजली तर बरीच निघतात, पण झरा वाहिला म्हणून पायवाट निघाली असे होत नाही. ओळींचा क्रम हा नजर फिरण्याचा क्रम आहे, घटनांचा नव्हे. संपूर्ण कवितेत ‘मी’ कुठेही नाही. विद्यार्थी इथेच चुकतात: ‘मी’ नाही म्हणजे भावकविता नाही, वर्णनपर कविता आहे, असे लिहून मोकळे होतात. भावकवितेला ‘मी’ची गरज नसते, पाहणारे मन एकच असावे लागते. टेकडीकडच्या हिरवळीपासून काळ्या डोहापर्यंत उतरत जाणारी ती एकटी नजर हीच इथली बोलणारी व्यक्ती आहे. रीत: भावकाव्य.

एक अडचण मात्र ठरलेली आहे. सगळी कविता एकाच पात्राच्या तोंडी असली तर? रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) मध्ये एक सरदार दिवंगत पत्नीच्या चित्रासमोर उभा राहून पाहुण्याशी बोलतो. सगळे लाल, पण आवाज एकच आणि रंगभूमी नाही. असे असेल तर रीत भावकाव्य लिहावी आणि ‘नाट्यात्म’ हे विशेषण वृत्तीच्या रकान्यात टाकावे.

सादर कसे होते तेही विचारा

छापील पानावर सगळेच सारखे दिसते. कॅनडाचा समीक्षक नॉर्थ्रॉप फ्राय याने १९५७ साली ‘ॲनाटमी ऑफ क्रिटिसिझम’मध्ये सादरीकरण हाच प्रकारभेदाचा पाया धरला. रचना प्रेक्षकांपुढे करून दाखवायची आहे, समोरच्या श्रोत्यांना म्हणून दाखवायची आहे, वाचकासाठी लिहिली आहे, की बोलणारा स्वतःशीच बोलतो आहे आणि आपण ते ऐकतो आहोत? शेवटची कल्पना जॉन स्टुअर्ट मिलने १८३३ मध्येच मांडली होती.

खान्देशात हा प्रश्न वगळून चालणार नाही. जात्यावरची ओवी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणात कानबाई या देवीपुढची गाणी, वहीगायन, तमाशाचा वग यांतले काहीही मुळात वाचण्यासाठी नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी कामाच्या लयीत गायिली गेली, घरच्यांनी ती उतरवून घेतली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. म्हणून रीतीच्या रकान्यात ‘भावकाव्य’ लिहून त्यापुढे ‘गायिलेले’ अशी नोंद करावी. उलटही घडते. मिल्टनचे ‘सॅमसन ॲगोनिस्टिस’ (१६७१) नाटकाच्या सर्व खुणांसह येते, पण ते रंगभूमीसाठी नाही असे त्याने प्रस्तावनेतच सांगितले आहे. त्याची रीत नाट्य, सादरीकरण वाचन.

गद्य-पद्य हा वेगळा प्रश्न आहे

‘पोएटिक्स’च्या पहिल्या तीन प्रकरणांत ॲरिस्टॉटल तीन प्रश्न विचारतो: अनुकरण (म्हणजे जीवनाचे चित्रण) कोणत्या साधनाने, कशाचे आणि कोणत्या रीतीने. छंद हे साधन आहे. होमर आणि एम्पेडोक्लीस या दोघांत छंदाखेरीज काहीच समान नाही, एक कवी आणि दुसरा निसर्गशास्त्रज्ञ, असे तो स्पष्ट म्हणतो. म्हणून पेरणीचे वेळापत्रक ओवीत बांधले म्हणून ते भावकाव्य होत नाही, आणि छंद मोडला म्हणून कविता कविता राहत नाही असेही नाही. पद्यातले नाटक नाट्यात जाते. पद्यातली कादंबरी अभ्यासाच्या नोंदीत कथनाकडे जाते, वाचनालयात मात्र काव्याच्या कपाटात. या फरकाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

त्रयी ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवू नका

सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीत आढळणारी सगळ्यात पक्की चूक ही: ‘ॲरिस्टॉटलने महाकाव्य, नाट्य आणि भावकाव्य असे तीन प्रकार सांगितले.’ उपलब्ध ‘पोएटिक्स’ प्रामुख्याने शोकात्मिकेवर आणि काही प्रमाणात महाकाव्यावर आहे. सुखात्मिकेची सविस्तर चर्चा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. भावकाव्य हा स्वतंत्र तिसरा वर्ग म्हणून तिथे नाहीच. सोळाव्या शतकात इटलीत मिंटुर्नोसारख्या टीकाकारांनी तिसरी जागा तयार केली. १६४४ मध्ये मिल्टन शिक्षणावरच्या आपल्या छोट्या पुस्तिकेत महाकाव्य, नाट्य आणि भावकाव्य यांचे नियम अशी तिन्ही नावे एकत्र घेतो. १७४६ मध्ये फ्रान्सच्या बॅतोने सगळ्या कलांना अनुकरणाच्या एकाच तत्त्वात बसवताना भावकाव्यही ॲरिस्टॉटलच्या चौकटीत ओढून घेतले. जर्मन कवी गटेने १८१९ मध्ये या तिघांना काव्याची ‘नैसर्गिक रूपे’ म्हटले. तत्त्वज्ञ हेगेलने त्याला तात्त्विक बैठक दिली: महाकाव्य वस्तुनिष्ठ, भावकाव्य आत्मनिष्ठ, नाट्य दोहोंचा मेळ. ही सगळी वंशावळ उकलून, त्रयी ॲरिस्टॉटलवर मागाहून लादली गेली हे फ्रेंच समीक्षक जेरार जेनेटने १९७९ मध्ये दाखवून दिले.

परीक्षेत हा परिच्छेद सालांसह लिहिता आला तर उत्तराचे वजनच बदलते. प्रत्यक्ष वर्गीकरणातही त्याचा उपयोग आहे. प्लेटो-ॲरिस्टॉटलची ‘रीत’ हा बोलण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे, गटे-हेगेलची त्रयी हा मनोवृत्तीचाही प्रश्न आहे. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की ‘भावकाव्यात्म कादंबरी’ हा शब्द अशक्य वाटू लागतो. रीत कथन, वृत्ती भावात्म असे दोन ठिकाणी लिहिले तर त्यात काहीही अवघड नाही.

दुसरा रकाना: रूप

इथे मोजमाप करता येते, म्हणून मोजा.

सुनीत, म्हणजे सॉनेट, चौदा ओळींचे असते. पेट्रार्कच्या घडणीत आठ आणि सहा असे दोन भाग पडतात आणि विचार नवव्या ओळीशी वळतो. शेक्सपिअरच्या घडणीत चार-चार-चार-दोन, आणि शेवटच्या जोडओळीत निकाल लागतो. केशवसुतांनी हे रूप १८९२ च्या सुमारास मराठीत आणले. ओळी चौदा भरल्या पण वळण आणि यमकांची बांधणी नसली तर सुनीत म्हणू नका, चौदा ओळींची कविता म्हणा.

कादंबरीसाठी ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये पन्नास हजार शब्दांची रेघ ओढली. कामचलाऊ आहे, पण उपयोगी आहे. एका पूर्ण पानातल्या ओळी मोजा, पाच ओळींतल्या शब्दांची सरासरी काढा, गुणाकार करून पानांच्या संख्येने गुणा. लघुकथेसाठी एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये अर्धा तास ते दोन तासांत एका बैठकीत वाचून होणारी रचना अशी कसोटी दिली, आणि सगळा मजकूर एकाच परिणामाकडे जावा अशी अट घातली. मोजमाप काठावर आले तर ही अट लावून पाहा. दीर्घकथा की लघुकादंबरी हा वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

महाकाव्याच्या खुणा ओळखीच्या आहेत: देवतेला आवाहन, कथेची सुरुवात मधूनच, लांबलचक उपमा, वीरांच्या याद्या, पाताळाची सफर. ‘इलियड’चे चोवीस सर्ग आहेत. पण खुणांची बेरीज करून महाकाव्य ठरवू नका. विडंबन करणारी रचना याच सगळ्या खुणा क्षुल्लक विषयावर वापरते.

शोकात्मिका मात्र सविस्तर तपासण्यासारखी आहे. ॲरिस्टॉटल तिची सहा अंगे सांगतो: कथानक, स्वभावचित्रण, पदरचना, विचार, दृश्य आणि गीत. यात कथानक सर्वांत वर. तपासताना चार गोष्टी शोधा: नायकाकडून झालेला प्रमाद, परिस्थिती उलटते तो क्षण, सत्य ओळखण्याचा क्षण, आणि करुणा-भय जागवून होणारे विरेचन, म्हणजे त्या भावनांचा निचरा. सोफोक्लीसच्या ‘इडिपस’मध्ये उलटणे आणि ओळखणे एकाच वेळी घडते, म्हणून ॲरिस्टॉटल त्याचे उदाहरण पुन्हा पुन्हा देतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) मध्ये प्रमाद पहिल्या प्याल्याइतका उघड आहे, सुधाकराला स्वतःची ओळख पटते ती फार उशिरा. त्याच नाटकात तळीराम आणि त्याची मद्यपी मंडळी हशा पिकवतात. रोमन कवी होरेससारख्या नियमवाद्याला हे रुचले नसते, कारण हास्याचा विषय शोकाच्या भाषेत येऊ नये असे त्याचे म्हणणे होते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या खुनानंतर लगेच दारुडा द्वारपाल येतो. हशा आहे म्हणून रूप बदलत नाही. मुख्य कथानक कुठे जाते ते बघा.

इथल्या तीन नेहमीच्या चुका. शेवटी मरण आले म्हणजे शोकात्मिका, ही पहिली. सोफोक्लीसचे ‘फिलॉक्टेटीस’ मरणाशिवाय, सुटकेने संपते, तरी ग्रीकांच्या लेखी ती शोकात्मिकाच. दुसरी, स्थळ-काळ-कृती ही तीन ऐक्ये ॲरिस्टॉटलने घातली असे लिहिणे. त्याने आग्रह धरला तो कृतीच्या ऐक्याचा. काळाबद्दल सूर्याच्या एका फेरीत बसवण्याचा शोकात्मिकेचा प्रयत्न असतो एवढा उल्लेख आहे. स्थळाचे ऐक्य १५७० मध्ये इटालियन टीकाकार कास्टेलव्हेट्रोने जोडले. तिसरी चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. शोकात्मिकेत आपल्यापेक्षा वरची माणसे आणि सुखात्मिकेत खालची, हे ॲरिस्टॉटलचे वाक्य पुढे राजे विरुद्ध सामान्य लोक असे वाचले गेले. १७३१ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज लिलोने एका व्यापाऱ्याकडच्या उमेदवारावर शोकात्मिका रचून ते मोडले आणि १९४९ मध्ये आर्थर मिलरने सामान्य माणूसही राजाइतकाच शोकात्मिकेचा नायक होऊ शकतो असे निबंध लिहून मांडले. कापसाच्या कर्जात सापडलेल्या शेतकऱ्याचे नाटक हातात आले तर ‘सामाजिक’ असा शिक्का मारून पुढे जाऊ नका. प्रमाद, उलटणे, ओळखणे हे तिथेही शोधा, आणि सापडले तर निःशंकपणे शोकात्मिका लिहा.

नायकाची ताकद

याच ‘कशाचे अनुकरण’ या प्रश्नातून फ्रायने पाच पायऱ्या केल्या, आणि त्या नीतीवर नव्हे तर नायकाच्या सामर्थ्यावर बेतल्या. नायक जातीनेच माणसाहून वेगळा, म्हणजे देव, असेल तर मिथक. माणूसच पण अद्भुत शक्तीचा असेल तर अद्भुतरम्य कथा. इतरांहून थोर पण निसर्गनियमांत बांधलेला असेल तर उच्च अनुकरण, ज्यात महाकाव्य आणि शोकात्मिका मोडतात. आपल्यासारखाच असेल तर निम्न अनुकरण, म्हणजे बहुतेक वास्तववादी कादंबऱ्या. आपल्याहूनही अडकलेला, हतबल असेल तर उपरोध. कानबाईच्या लग्नाची कथा सांगणारे गाणे पहिल्या पायरीवर बसते. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये आहे. तो तुमच्या-आमच्यासारखा आहे, पण पुस्तक पुढे सरकते तसा हतबल होत जातो. ही पायरी वृत्तीच्या रकान्यात कंसात लिहा.

तिसरा रकाना: वृत्ती

स्कॉटिश अभ्यासक अलास्टर फाउलरने १९८२ मध्ये एक सोपी खूण दिली: रूपाला नाम असते, वृत्तीला विशेषण. कादंबरी, सुनीत, प्रहसन ही नामे. विनोदी, शोकात्म, उपहासात्मक, बोधपर, वीरश्रीयुक्त ही विशेषणे. विशेषण एकटे उभे राहत नाही, त्याला नाम लागते. ‘उपहास’ हे कपाटाचे नाव ठेवले की त्यात कादंबरी, नाटक, कविता सगळे शिरते आणि पुन्हा संकीर्ण तयार होते.

बहिणाबाईंचे सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे घ्या. पक्षिणीने पिलासाठी झाडाला टांगलेला खोपा, त्याची वीण, तिची इवलीशी चोच, आणि शेवटी माणसाला दोन हात, दहा बोटे मिळाल्याची आठवण. घटनांची साखळी नाही, म्हणून रीत भावकाव्य. रूप ओवीच्या वळणाचे गाणे. वृत्ती बोधपर. बोधपर काव्याला पाश्चात्त्य परंपरेत मोठी जागा आहे. हेसिअडने शेतीची कामे आणि दिवस यांवर लिहिले, व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’च्या चार पुस्तकांत नांगरट, झाडे, गुरे आणि मधमाश्या हाताळल्या. काहींनी तर बोधपर हा चौथा मुख्य प्रकार मानावा असे सुचवले. आमच्या मते ते विशेषणाच्याच जागी ठेवावे, कारण बोध काढला तरी खोप्याचे चित्र शिल्लक राहते, आणि खोपा काढला तर बोधाला उभे राहायला फांदी उरत नाही.

चौथ्या रकान्यात ग्रामीण, दलित, आदिवासी, ऐतिहासिक, बाल असे शब्द येतात. हे प्रवाह आणि विषय फार महत्त्वाचे आहेत, वाचक तेच शोधत येतो. पण त्यांचे स्थान चौथ्या रकान्यात आहे.

अडेल तिथे काढून पाहा

दोन प्रकारांत मन अडकले की एकेक वैशिष्ट्य मनातल्या मनात काढून टाका. काढल्यावर रचना कोसळते ते मुख्य, टिकते ते दुय्यम. ‘कोसला’ (१९६३) मध्ये डायरीचा भाग आहे, इतिहासलेखनाची नक्कल आहे, पहिल्या पुरुषातले आत्मकथन आहे. डायरी काढली तर पुस्तक उणे होईल पण उभे राहील. पांडुरंगाचे लहानपणापासून परतण्यापर्यंतचे कथन काढले तर काहीच राहत नाही. म्हणून कथन, कादंबरी. रशियन विचारवंत बाख्तिनने कादंबरी इतर प्रकार पोटात घेऊन वाढते असे म्हटले, त्याचे मराठीत यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागेल.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो अशी चौकट आहे, जशी बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये दहा जणांनी दहा दिवस सांगितलेल्या शंभर गोष्टींना आहे. मजकूर मात्र बऱ्याच अंशी लेखकाच्या आयुष्यातला. फ्राय कथात्म गद्याचे चार प्रकार मानतो: कादंबरी, अद्भुतरम्य कथा, आत्मनिवेदन आणि वैचारिक बंधाची ‘ॲनाटमी’. हे पुस्तक आत्मनिवेदनात सहज बसते. नोंद अशी होईल: रीत कथन, रूप चौकटीतल्या कथांचे आत्मनिवेदन, वृत्ती बोधपर, करुण, विषय मातृप्रेम, बालपण, कारण ‘निवेदक एकच, गोष्टी सुट्या वाचता येतात, आईचे व्यक्तित्व त्यांना जोडते’.

विनोबांची ‘गीता प्रवचने’ अनेक ठिकाणी ललित गद्याच्या कपाटात सापडतात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेली ही अठरा प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. भाषा ललित आहे, पण पुस्तकाचे काम गीतेचा अर्थ सांगणे हे आहे. साहित्यप्रकाराच्या कागदावर त्याला ‘वक्तृत्व, बोधपर’ लिहिता येईल. कपाटात ते धर्माकडे, वाचनालयांच्या ड्यूई वर्गीकरण पद्धतीत २९४.५९२४ ला, जाते.

कपाटावर लावताना

ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे. त्यापुढे रूपाचा आकडा लागतो: १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध, ५ भाषणे, ६ पत्रे, ७ विनोद व उपहास, ८ इतर. म्हणजे मराठी नाटक ८९१.४६२, मराठी कादंबरी ८९१.४६३. सातचा आकडा पाहून विनोदी कादंबरी तिथे टाकण्याचा मोह होतो. टाकू नका, ती तीनमध्येच जाते. सात हा आकडा अनेक रूपे एकत्र असलेल्या विनोदी संकलनांसाठी आहे. पद्य नाटक दोनमध्ये, पद्य कादंबरी एकमध्ये. ड्यूईत कथन ही स्वतंत्र जागा नसल्यामुळे तुमच्या कागदावरची रीत आणि पुस्तकाच्या पाठीवरचा अंक काही वेळा जुळणार नाहीत. हे चुकले असे समजून कागद खोडू नका. अंक पुस्तक सापडण्यासाठी आहे, कागद ते समजण्यासाठी.

शक्य असेल तर एकच पुस्तक दोघांनी वेगवेगळे बसून लावावे आणि मग कारणांचे रकाने ताडून पाहावेत. रीतीवर मतभेद झाला तर लाल-निळ्या रेघा पुन्हा माराव्या. वृत्तीवर झाला तर दोन्ही विशेषणे ठेवावीत, तिथे एकच उत्तर असण्याची गरज नाही.

लोकगीतांची नोंद करताना एक पथ्य पाळा. पोवाडा म्हणजे बॅलड, लावणी म्हणजे लिरिक, वग म्हणजे फार्स अशी जोडी लावू नका. इंग्रजी बॅलड हे छोट्या कडव्यांचे, बहुधा अनामिक कथागीत आहे. पोवाडा शाहीर सभेत उभा राहून गातो आणि पराक्रमाची ख्याती करतो. कथन ही रीत दोघांची एक, रूपे दोन. म्हणून आखाजीचे किंवा कानबाईचे गाणे उतरवून घ्याल तेव्हा गाव, प्रसंग, एकटीने म्हटले की घोळक्याने, ध्रुपद कोण धरते, हे रीतीशेजारी लिहा, आणि म्हणणाऱ्या बाईंनी त्या गाण्याला अहिराणीत जे नाव सांगितले तेच रूपाच्या रकान्यात जसेच्या तसे टिपा. त्या गाण्यात कथा सरकते की एक भाव घुमतो, हे क्रियापदांभोवती गोल करून त्यानंतर ठरवा.